उपाशीपोटीचं रक्त

मला लोकांना खोटी वेळ सांगायची सवय आहे. आठची गाडी असली की सातची सांगायची, सातची असली की सहाची. चौदा वर्षं गावोगाव फिरून मी एवढी एकच अक्कल कमावली, की खरी वेळ सांगितली तर माणूस कधी वेळेवर येत नाही. घरीही माझं तेच. कुणाच्या लग्नाला निघायचं असलं की नवऱ्याला, जतीनला, मी तासभर आधीची वेळ सांगते, तेव्हा कुठे तो टॉवेल घेऊन उठतो. त्याला हे माहीत आहे, म्हणून तो मनातल्या मनात तास वजा करतो. सगळेच करतात. सुकी करत नव्हती, आणि ते माझ्या लक्षात आलं नाही.

सुकी तलासरीच्या पूर्वेकडची. उधव्याच्याही पुढे डोंगराच्या अंगाला एक पाडा आहे, तिथली. वय एकोणीस, वजन बत्तीस किलो, आणि मधुमेह. हे पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा आमचे तात्या, म्हणजे माझे सासरे, जेवता जेवता थांबले. "डोंगरातल्या पोरीला साखर? अगं, ती खाणार काय नि तिला साखर होणार कशी?" तात्यांना स्वतःला वीस वर्षं साखर आहे. आमची चिकूची वाडी, घरात कधी कशाला कमी नाही, त्यामुळे आमच्याकडची साखर खाऊनपिऊन आलेली. तात्यांचं इन्सुलिन फ्रिजच्या दारात लोणच्याच्या बरणीशेजारी असतं. माझीही गोळी सुरू होऊन चार वर्षं झाली. गोळी घेतली की अर्ध्या तासात पोटात काही गेलंच पाहिजे, नाहीतर माझे हातपाय गळतात आणि मी समोर येईल त्याच्यावर खेकसते. तशी मी पोट भरलेलं असतानाही खेकसतेच, हे जतीन सांगेल.

तर तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायलाच शहरातली एक संस्था आमच्याकडे आली होती. तलासरीच्या बाजारात दोन खोल्या भाड्याने घेतल्या, एक इको गाडी ठरवली, आणि गावागावांतून हडकुळे मधुमेही शोधून त्यांचं रक्त तपासायचं काम सुरू झालं. मुख्य डॉक्टर मयुरा. पस्तिशीच्या, हळू बोलणाऱ्या, दर पंधरा दिवसांनी मुंबईहून येणाऱ्या. रक्त काढायला दक्षा नावाची नर्स, गाडीवर सुरज, आणि माणसं गोळा करून आणायला मी. पहिल्याच दिवशी मयुरा डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं. जे मूल आईच्या पोटापासून अर्धपोटी राहतं, त्याच्या शरीरातला इन्सुलिन करणारा अवयवच पुरता वाढत नाही. मग पंधरा-वीस वर्षांचं झालं की साखर वाढते. तात्यांचा आजार वेगळा, लहान मुलांना होतो तो वेगळा, आणि हा तिसराच. चाळीस वर्षांपूर्वी त्याला नाव दिलं होतं, मग पुरावा पुरेसा नाही म्हणून काढून टाकलं. आता जगभरच्या डॉक्टरांनी त्याला परत नाव दिलंय, पाचवा प्रकार.

"म्हणजे उपासमारीचा मधुमेह," मी म्हटलं.

"तसंच म्हणा, नूतनताई. धोका असा आहे की ही मुलं बारीक असतात, म्हणून सगळीकडे त्यांना लहान मुलांचा प्रकार समजून पूर्ण सुई लावतात. यांचं शरीर थोडं इन्सुलिन स्वतः करत असतं. त्यात वरून पूर्ण डोस, आणि घरात जेवण नाही. साखर इतकी खाली जाते की माणूस उठतच नाही."

हे सगळं मी ऐकलं होतं, वहीत लिहूनही घेतलं होतं. मला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

सुकीला सोळाव्या वर्षी मधुमेह निघाला. तहान, लघवी, वजन उतरलेलं. तेव्हा कुठल्या तरी डॉक्टरने केसपेपरवर पहिला प्रकार, म्हणजे लहान मुलांना होतो तो, लिहिला आणि सकाळी अठरा, संध्याकाळी चौदा युनिट सुई लावली. तेव्हापासून ती स्वतःच टोचून घ्यायची. बाटली ओल्या वाळूत पुरलेल्या मडक्यात ठेवायची. आश्रमशाळेत दहावी झालेली पोर, अक्षर मोत्यासारखं. आम्ही दिलेल्या वहीत तारीख, सुईचा आकडा, काय जेवली, सगळं लिहायची. बाप लडक्या वेरावळच्या बोटीवर खलाशी, आठ-आठ महिने तोंड दिसायचं नाही. घरी आई नवशी आणि ती, दोघीच.

जूनमध्ये मी वही बघितली तर तीन दिवस सुईच्या रकान्यात रेघ. साखर चारशे दहा.

"सुई का नाही घेतलीस गं?"

"तांदूळ संपलेले, बाय. जेवण नव्हतं म्हणून सुई नाही घेतली."

त्या पोरीला अक्कल होती. डॉक्टरांनी जे आम्हाला बसवून शिकवलं, ते तिला कुणी न शिकवता कळलं होतं. आणि मी काय केलं? मी तिला चारचौघांत झापलं. "डोकं चालवू नकोस, सांगितलंय तेवढं कर! सुई चुकली तर मरशील, कळतं का?" तिला मी महालक्ष्मीची शपथ घ्यायला लावली, विवळवेढ्याच्या, की काहीही झालं तरी सुई चुकवणार नाही. तिने मान खाली घालून शपथ घेतली. मला फार बरं वाटलं. पुढच्या सगळ्या पानांवर एकही रेघ नव्हती, आणि मी ती वही बाकीच्या पेशंटांना दाखवत हिंडले.

ऑगस्टमध्ये सुकी निंदणी करताना शेतात पडली. घाम, थरथर, दातखिळी. नवशीने तोंडात गूळ घातला तेव्हा उठली. मयुरा डॉक्टरांनी वही पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हिची सुई जास्त होतेय, नूतनताई. पण अंदाजाने एकदम कमी केली आणि हिला खरंच पहिला प्रकार निघाला, तर तेही जिवावर बेतेल. उपाशीपोटीचं रक्त घ्या. हिचं शरीर स्वतः किती इन्सुलिन करतं ते कळलं की मी सुई उतरवते. तोवर ग्लुकोजची पुडी जवळ ठेवू दे. घाम फुटला की खायची."

म्हणजे काय पणाला लागलंय ते आम्हाला सगळ्यांना स्पष्ट होतं. सुकीचं रक्त नीट मिळालं पाहिजे आणि ते लवकर मिळालं पाहिजे.

सप्टेंबरच्या शेवटी तिला आणलं. दक्षाने रक्त काढलं, नळीवर नाव लिहिलं, आणि मी सहज विचारलं, "काही खाल्लं नाहीस ना?"

सुकी खरं बोलणारी. "वाटेत वेल होता, बाय. काकडीची एक फोड खाल्ली."

काकडीची फोड! माझं डोकंच फिरलं. संस्थेचा नियम कडक, उपाशीपोटी म्हणजे उपाशीपोटी, नाहीतर तो आकडा बाकीच्या आकड्यांत बसत नाही. पंचवीस किलोमीटर गाडी पाठवलेली, पेट्रोल जाळलेलं, आणि बाईसाहेबांनी काकडी खाल्ली. मी नळीवर लाल पेनने 'रद्द' लिहिलं आणि खोलीत बसलेल्या वीस माणसांसमोर तिला बोलले. "एवढीशी जीभ आवरत नाही? तुझ्यासाठी चाललंय का माझ्यासाठी? परत असं केलंस तर नाव कापीन, मग सुईची बाटली बाजारातून विकत आण!" नाव कापायचा मला अधिकारही नव्हता. ते आपलं बोलायचं म्हणून बोलले. सुकी रडली नाही. तिने फक्त विचारलं, "मग आता परत कधी?"

मग भात कापणीला आला, मग दिवाळी. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बुधवार ठरला. आदल्या दिवशी दुपारी चारला मी फोन लावला. सुकीकडे फोन नव्हता. शेजारच्या देवजीचा लागायचा, आणि तो बिचारा फोन घेऊन तिच्या खळ्यापर्यंत जायचा.

आता आमच्या फॉर्मवर काय छापलंय ते सांगते. रात्री आठपर्यंत जेवण. त्यानंतर फक्त पाणी. संध्याकाळची सुई जेवणाबरोबर, सकाळची सुई रक्त दिल्यानंतर नाश्त्याबरोबर. चार ओळी आहेत. वाचायला अर्धं मिनिट लागतं.

मी त्या वाचल्या नाहीत. मला काकडी आठवत होती. आठपर्यंत सांगितलं तर ही दहाला जेवेल, पहाटे परत काहीतरी तोंडात टाकेल, असं माझं गणित. म्हणून मी नेहमीसारखं आधीचं सांगितलं. "ऐक, दुपारचं जेवलीस ना? बस. आता उद्या रक्त देईपर्यंत काही खायचं नाही."

"पाणी, बाय?"

"पाणी चालेल."

"आणि दुसरं काही?"

"दुसरं काही नाही म्हणजे काही नाही! काकडी नाही, पेज नाही, काही नाही. गाडी सहाला थांब्यावर येईल. उशीर केलास तर थांबणार नाही."

"नाही करणार," ती म्हणाली.

सुईबद्दल ती बोलली नाही, मीही बोलले नाही. सुईचं तर जूनमध्येच ठरलं होतं. फोन ठेवून मी उद्याच्या नऊही जणांच्या फॉर्मवर एका दमात खुणा केल्या. 'सूचना वाचून दाखवल्या: हो.' नऊ वेळा हो. मी मनात धरून चालले होते की सुकी सातला जेवेल, कारण लोक वजा करतात.

गाडी डहाणूहून निघणारच होती साडेसहाला. डोंगरातल्यांना मी दोन-दोन तास आधीची वेळ सांगते, कारण त्यांना पायवाट उतरून यायचं असतं. चारोटी ओलांडून हायवेला लागलो आणि विवळवेढ्याच्या अलीकडे सुरज म्हणाला, "ताई, चहा मारू?" मी गोळी घेतली होती. डबाही होता, पण तिथे पोहे गरम होते. मी पोहे खाल्ले, चहा बिनसाखरेचा घेतला, हात धुऊन देवीच्या दिशेने नमस्कार केला. अर्धा तास गेला असेल. दक्षा म्हणाली, लोक खोळंबले असतील. मी म्हटलं, "साखरवाल्या माणसाने उपाशी राहू नये गं." हे माझंच वाक्य आहे. दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालत नाही.

थांब्यावर पोहोचलो तेव्हा साडेआठ झाले होते.

एसटीच्या थांब्याच्या ओट्यावर गोधडी अंथरलेली, त्यावर सुकी आडवी. नवशी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. देवजी मोटारसायकल घेऊन बाजूला उभा. मला पहिलं वाटलं ते हे, की बरं झालं, वेळेवर आली. देवाशप्पथ, मला हेच वाटलं.

"झोपलीय," नवशी म्हणाली. "पहाटेपासून अशीच."

दक्षाने बोट टोचलं. मीटरवर आकडाच आला नाही, 'लो' अशी अक्षरं आली. त्या यंत्राला वीसच्या खालचं मोजता येत नाही. दक्षा ओरडली, ग्लुकोज द्या. तोंड उघडेना. गालाच्या आत चोळलं, बाहेर ओघळलं. नसेतून द्यायचं ग्लुकोज असलेली पेटी आदल्या दिवशी दुसऱ्या कॅम्पला गेली होती. सुरजने तिला उचलून गाडीत घातलं, आणि तेव्हा तिच्या ओढणीच्या गाठीतून ग्लुकोजची पुडी पडली. न फोडलेली.

गाडीत नवशी सगळं सांगत होती, एका सुरात, मध्ये न थांबता. संध्याकाळी दोघींनी भात झोडला. सुकीने सुई घेतली. नवशीने चूलच पेटवली नाही. पोरगी उपाशी असताना तिच्यापुढे कसं जेवायचं? पहाटे कोंबडा आरवला तेव्हा सुकी घामाने भिजलेली, काहीबाही बोलत होती. नवशीने गुळाचा खडा तिच्या तोंडात घातला. तिने थुंकला. "आई नको, बाय रक्त टाकून देईल," म्हणाली. परत घातला, परत थुंकला. मग ती शांत झाली, आणि नवशीला वाटलं, बरं वाटलं असेल. देवजी म्हणाला, मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेऊ. पण सहाला दवाखान्याचीच गाडी येणार होती. दोघांनी तिला गोधडीत घालून थांब्यावर आणलं. पावणेसहाला. तिथपासून ते गाडीची वाट बघत होते. आता येईल, आता येईल.

सरकारी दवाखान्यात नस सापडली, ग्लुकोज चढलं, साखर दोनशेवर गेली. सुकीने डोळे उघडले नाहीत. तिथल्या डॉक्टरांनी वेळ न घालवता सिल्वासाला हलवलं. मेंदू बराच वेळ उपाशी राहिला होता, असं तिथे सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. लडक्या चौथ्या दिवशी वेरावळहून पोहोचला. तोवर सगळं आटोपलं होतं.

मयुरा डॉक्टर मुंबईहून आल्या. असं काही घडलं की संस्थेला चोवीस तासांत कळवावं लागतं, त्याचा वेगळा कागद असतो. त्यांनी माझ्यासमोर तो कागद ठेवला, सुकीचा फॉर्म ठेवला, आणि विचारलं, "सूचना तुम्हीच दिल्या होत्या?"

"हो."

"आठपर्यंत जेवायला सांगितलं होतं?"

फॉर्मवर माझी खूण होती. मी त्या खुणेकडे बघत म्हटलं, "फॉर्मप्रमाणेच सांगितलं."

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. त्यांना शंका आली असेल, नसेल. मग त्यांनी लिहिलं: रुग्णाने जेवणाबाबतच्या सूचना पाळल्या नाहीत. मी खाली सही केली.  

कागद पाकिटात घालताना त्या अचानक म्हणाल्या, "सप्टेंबरचं तिचं रक्त कुठे गेलं?"

"ते रद्द केलं, डॉक्टर. तिने काकडी खाल्ली होती."

त्या खुर्चीत मागे टेकल्या. चष्मा काढला, डोळे दाबले. "काकडी. नूतनताई, ते रक्त पाठवलं असतंत तरी मला कळलं असतं. काकडी काय, जेवून आली असती तरी चाललं असतं. तिच्या सुईसाठी मला उपाशीपोटीचं रक्त लागतच नव्हतं. ते आमच्या अभ्यासाला लागतं. सगळ्यांचे आकडे एका मापाचे हवेत, नाहीतर कुणी छापत नाही." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "हे मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही."

त्या रडत होत्या. मला त्यांचा राग आला, इतका की टेबलावरचं सगळं उधळून द्यावंसं वाटलं. मग कळलं, राग त्यांचा नाही. तरीही मी खरं बोलले नाही. घरी आले, जेवले, गोळी घेतली. तात्यांनी विचारलं, "त्या पोरीचं काय झालं गं?" मी म्हटलं, गेली. "अरेरे," तात्या म्हणाले, "ऐकलं नसेल डॉक्टरांचं." मी ताट उचलून मोरीत गेले आणि ते घासत बसले.

पंधरा दिवसांनी मीटर आणि वही परत आणायला मला पाड्यावर जावं लागलं. संस्थेच्या वस्तू, त्यांची नोंद असते. सुरजने गाडी थांब्यापाशी उभी केली आणि मी एकटी वर चढले. लडक्या परत बोटीवर गेला होता. नवशी अंगणात भात वाळवत होती. मला पाहून उठली, खाट सावलीत ओढली.

"बसा, बाय. ऊन झालं. तुमची गोळी झाली का?"

माझी गोळी तिला माहीत होती. सुकीने सांगितली असणार. मी म्हटलं, झाली. तिने चुलीपाशी जाऊन नागलीची भाकर आणि चवळीची भाजी ताटलीत घालून आणली, माझ्यापुढे ठेवली. "उपाशी जाऊ नका."

मग ती घरातून मीटर, वही आणि ते मडकं घेऊन आली. मडक्यात वाळू अजून ओली होती. ती रोज पाणी घालत होती. "बाटलीत औषध उरलंय. दुसऱ्या कुणाच्या पोरीला होईल."

मी वही उघडली. शेवटचं पान. मंगळवार. सुकीचं तेच गोल अक्षर. संध्याकाळी सुई: चौदा. जेवणाच्या रकान्यात लिहिलं होतं: नाही. नूतनबाईंनी दुपारपासून बंद सांगितलंय.

"काय लिहिलंय शेवटचं?" नवशीने विचारलं. "मला वाचता येत नाही. लडक्यालाही येत नाही. देवजीला म्हटलं, तर तो नको म्हणाला."

मी वाचून दाखवलं. जसं होतं तसं, माझ्या नावासकट.

नवशी मान हलवत होती. "तिने सगळं ऐकलं ना, बाय? दवाखान्यातली एक बाई म्हणत होती, पोरीने ऐकलं नाही म्हणून असं झालं. मी म्हटलं, आमची सुकी ऐकणारी आहे."

अंगणात कोंबड्या भातावर येत होत्या, तिने हातातल्या काठीने त्यांना हाकललं आणि परत माझ्याकडे बघितलं. तिला उत्तर हवं होतं.

"तिने सगळं ऐकलं," मी म्हटलं. "सुई घेतली की जेवावंच लागतं, नवशी. जेवायचं नसेल तर सुई घ्यायची नसते. मी तिला सुई चुकवू नको म्हणून शपथ घातली आणि जेवू नको म्हणूनही मीच सांगितलं. कागदावर आठपर्यंत जेवायला लिहिलं होतं. मी दुपारपासूनच बंद सांगितलं, परत काही खाईल म्हणून. गाडीसुद्धा सहाला येणार नव्हती. मी उगाच लवकरची सांगितली." मी वहीच्या त्या पानावर बोट ठेवलं. "आणि डॉक्टरांना मी खोटं सांगितलं. कागदावर तिने ऐकलं नाही असं लिहिलंय. हे पान मी आजच डॉक्टरांना दाखवते. ते बदलून घेते."

 नवशीने मोजत असल्यासारखी बोटं एकेक करून मिटली. सुई, भाकर, गाडी, असं काहीतरी तिच्या मनात चाललं असावं.

"म्हणजे भाकर खाल्ली असती तर?"

"जगली असती."

"मी केली असती की. पीठ होतं घरात."

मला ते ऐकवेना. मी तिचा हात धरायला गेले. तिने हात मागे घेतला, जोरात नाही, नुसता मागे घेतला. मग ती पुढे वाकली आणि माझ्यापुढची ताटली उचलली. भाकरीला मी अजून हात लावला नव्हता.

"मग आज तुम्ही उपाशीच जा, बाय," ती म्हणाली, आणि ताटली घेऊन आत गेली.

मी वही पिशवीत घातली आणि पायवाटेने खाली उतरले.